मत्स्यालयांतील पहिले रहिवासी

घरांत माशांकरितां काचेची पेटी आली कीं मुलें त्याच दिवशीं गोल्डफिशचा हट्ट धरतात. वडील मंडळींनीं तो तूर्त पुरवूं नये, असें आम्ही सुचवितों. माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर पुष्कळच सौम्य असें नायट्रेट बनविणारे जंतु नव्या पेटींत वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोंवर गाळणी चालू ठेवून, जंतूंच्या पोषणासाठीं रोज चिमूटभर खाद्य टाकावें; पाणी तपासून अमोनिया व नायट्राइट शून्य आढळल्यावरच मासे सोडावे.

गोल्डफिश पाणी फार दूषित करतो, वीतभर वाढतो आणि १० वर्षांहूनहि अधिक जगूं शकतो. लहान पेटी त्याला कारागृहच होय. त्यापेक्षां आपल्याच गंगेच्या खोऱ्यांतील पट्टेदार झेब्रा मासा बरा. तो दीड-दोन इंचांचा, काटक व थव्यानें राहणारा आहे. ६० लिटर पाण्यास ६ पुरेत. गप्पी आणल्यास केवळ नर आणावे. एरवीं थोड्याच महिन्यांत पिलांची दाटी होते.

मुलांना वाट पाहावी लागेल खरी. पण मुक्या जीवाची जबाबदारी घेण्याचा पहिला धडा तोच आहे.