गरिबाची भाकरी आणि चर्चची दानपेटी

गरिबांना सांभाळणे हे चर्चचे काम, सरकारचे नव्हे, असे अमेरिकेतले अनेक ख्रिस्ती नेते आणि लेखक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. १९९२ साली मार्विन ओलास्की यांनी याच विचाराचे पुस्तक लिहिले आणि रिपब्लिकन पुढाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. युक्तिवाद सोपा आहे. कर जबरदस्तीने घेतात, दान प्रेमाने देतात. येशूने शिष्यांना आज्ञा केली, रोमच्या बादशहाला नाही. तेव्हा सरकारने हात काढून घ्यावा, चर्च बघून घेईल.

मी मुसलमान, मी बायबलवर का बोलावे, असे कुणी विचारील. बोलतो, कारण हीच पळवाट आमच्यातही जकातीच्या नावाने काढली जाते. समाजाची जकात नीट गोळा झाली तर शासनाच्या योजना कशाला हव्यात, असे म्हणणारे आहेत. पण कुरआनने जकातीचे जे आठ वाटेकरी सांगितले, त्यांत ती वसूल करणारे कर्मचारीही आहेत. म्हणजे वसुलीची व्यवस्था गृहीत आहे. देणाऱ्याच्या लहरीवर काही सोडलेले नाही.

बायबल तरी कुठे सोडते? लेवीय या पुस्तकात शेतमालकाला आज्ञा आहे की शेताच्या कडेचे पीक आणि गळालेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. अनुवाद या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशात परका, अनाथ आणि विधवा यांचा वाटा ठरवून दिला आहे. हा मोशेचा कायदा आहे. मालकाच्या मनात आले तर द्यावे, असे त्यात नाही.

आणि 'चर्च बघून घेईल' हा प्रयोग होऊन गेला आहे. १८१९ साली ग्लासगोच्या सेंट जॉन्स या गरीब वस्तीत पाद्री थॉमस चामर्स यांनी सक्तीच्या कराऐवजी चर्चच्या दारात जमणाऱ्या दानावर गरिबांचा भार घेतला. वस्तीचे विभाग पाडले, प्रत्येक विभागात चर्चचा माणूस नेमला. हेतू प्रामाणिक होता, मेहनत खरी होती. तरी १८३७ मध्ये प्रयोग बंद पडला. पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्चच दुभंगले, आणि वेगळे होणाऱ्यांचे पुढारी खुद्द चामर्स होते. १८४५ साली तिथे नवा गरीब-कायदा करावा लागला. धर्मगुरूंचे एकमेकांशी पटले नाही, तर विधवेने चूल विझवायची का?

दयाळू शोमरोनीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिचा पुढचा अर्थ सांगितला. लुटलेल्याला उचलणे ही फक्त सुरुवात. येरीहोची वाटच अशी बदलली पाहिजे की तिथे कुणी लुटला जाणार नाही. किंग हेही पाद्रीच होते. वाट बदलायची तर कायदा लागतो, सरकारी तिजोरी लागते.

याचा अर्थ कर भरला की सुटलो, असा नाही. सरकार पेन्शन देईल, पण आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसणार नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशीची विचारणा भुकेला, उघडा, आजारी आणि कैदी यांच्याविषयी आहे, आणि ती ज्याला त्याला होणार आहे. तिथे सरकारकडे बोट दाखवता येणार नाही.

जे खरोखर सेवा करतात त्यांना हे कळते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी संसदेला लिहिले की गरिबांच्या अन्नसाहाय्यात कपात करू नका. त्यांच्या चर्चचे सेवाकार्य प्रचंड आहे, म्हणूनच चर्चला काय पेलत नाही हे त्यांना माहीत होते.

सरकारने हात काढून घ्यावा म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या चर्चचा जमाखर्च उघडावा. इमारतीवर किती गेले आणि गरिबाच्या ताटात किती, ते दाखवावे. मशिदीच्या विश्वस्तांनाही मी हेच विचारतो.