कानाडोळा

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची संध्याकाळ. खाचरांतला भात कापून झालेला, अंगणात पेंढ्यांचा वास, आणि पडवीत बसून मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी करून नातीला दुर्बीण करून दिलेली. चिमी तेव्हा चार वर्षांची होती. समोरच्या आळीत आकाशकंदील लागले होते. उजव्या डोळ्याला सुरळी लावून ती ओरडली, "आबा, पिवळा कंदील! त्याला शेपट्या आहेत!" मग तिने सुरळी डाव्या डोळ्याला लावली आणि एकदम गप्प झाली.

"का गं?"

"आबा, दुर्बीण बिघडली."

कागदाच्या सुरळीत बिघडायचे काय? मी ती पुन्हा तिच्या उजव्या डोळ्याला लावली. कंदील, शेपट्या, सगळे जागच्या जागी. डाव्याला लावली, तर दुर्बीण पुन्हा बिघडली! आतून हिची हाक आली, "अहो, गाईला ओवाळायचंय ना?" मी उठलो, पण निरांजनाच्या उजेडात माझे लक्ष गाईकडे नव्हते. ही बिघडलेली दुर्बीण माझ्या चांगल्या ओळखीची होती.

तिची हकीकत अशी. बावीस वर्षांचा असताना मी चालकाच्या नोकरीसाठी गेलो होतो. गाडी उत्तम चालवून दाखवली. शेवटी डोळ्यांची तपासणी निघाली. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरचा तक्ता वाचा म्हणाले. मला तक्ता दिसला, अक्षरे दिसली नाहीत. तोवर मी विहिरीत सूर मारले होते, रानात गुरे राखली होती, सातवीपर्यंत शाळा केली होती. पण आपण एकाच डोळ्याच्या जिवावर चाललो आहोत हे मला ठाऊक नव्हते! डॉक्टर म्हणाले, "लहानपणी कळलं असतं, तर काही करता आलं असतं." नोकरी हुकल्याचे आता काही वाटत नाही. ते वाक्य मात्र मनात राहिले.

आणि यात नवल तरी काय? पोटात दुखले तर पोर रडते, कान ठणकला तर रडते. कमी दिसते म्हणून कोण रडणार? जग असेच असते अशी त्याची समजूत. त्यातून एक डोळा धड असला, की तो दुसऱ्याचे सगळे काम निमूटपणे करतो. घरातल्या एका भावाने राबावे आणि दुसऱ्याने पारावर बसावे, तशातली गत. या पारावरच्या डोळ्याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. खरे तर आळशी तो डोळा नव्हे. जो डोळा अंधूक चित्र पाठवतो, त्याच्याकडे मेंदूच हळूहळू कानाडोळा करू लागतो. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा लहानपणी काही काळ मिटून ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळा शाबूत, पण मेंदू त्याचे ऐकेना. हा प्रयोग त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. दृष्टीवरच्या त्यांच्या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या पोरांचेही तसेच आहे. मेंदूला पाहायची सवय लागते ती पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या आत उपचार झाला तर उत्तम. नंतर बारा-चौदा वर्षांपर्यंत थोडाफार उपयोग होतो, पण जितका उशीर तितका लाभ कमी.

हे सारे मी घरात सांगितले. आमच्या हिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पोर खेळतेय, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? एवढीशी मुलगी, तिला चष्मा लावून ठेवाल!" मग शेजारच्या काकूंनी गाजराचा रस सुचवला. आता गाजर, पपई, शेवग्याचा पाला हे सगळे मुलांना जरूर द्यावे. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो, बुबुळही खराब होते. म्हणून तर नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यातून त्याचे नऊ डोस पाजतात. पण गाजराने चष्म्याचा नंबर जात नाही. तो डोळ्याच्या घडणीचा प्रश्न आहे.

भाऊबीज उरकल्यावर मी अंगणवाडीच्या ताईंना गाठले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पोरांची वजने, दात, कान, डोळे पाहते आणि गरज असेल त्याला पुढे पाठवते. आमच्या गावी पथक आले त्या दिवशी चिमी नेमकी आजोळी होती. ताई म्हणाल्या, "आबा, पुढच्या फेरीची वाट पाहू नका. शंका आली ना, मग निघा."

आम्ही निघालो. पौडहून चांदणी चौक आणि मग सबंध पुणे ओलांडून महंमदवाडीचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय. वाटभर मला एकच काळजी, पोरीला अक्षरओळख नाही, ती तक्ता वाचणार कसा? तिथे पाहतो तो तक्त्यावर अक्षरेच नाहीत! सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन, एवढीच चार चित्रे, ओळीओळीने लहान होत गेलेली. फिनलंडमधल्या लेआ ह्युव्हारिनेन या नेत्रतज्ज्ञ बाईंनी न वाचणाऱ्या मुलांसाठी ही युक्ती काढली. चिमीने सफरचंदाला टोमॅटो म्हटले, वर्तुळाला लाडू आणि चौकोनाला वडी. तपासणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "काहीही म्हण, फक्त दरवेळी तेच म्हण." उजव्या डोळ्याने ती लाडू-वडी खालपर्यंत सांगत गेली. डावा उघडला तेव्हा वरच्या दोन ओळींतच फराळ संपला.

मग थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. आत उजेड टाकून, काचा बदलून डॉक्टरांनी नंबर काढला. पोराने एक शब्दही न बोलता नंबर निघतो, हे मला त्या दिवशी कळले. "मूल लहान आहे, तपासता यायचे नाही," ही सबब खोटी आहे, हे ध्यानात ठेवा. डाव्या डोळ्याला अधिकचा मोठा नंबर, उजव्याला जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कुणाला?" मी मान खाली घातली.

उपाय ऐकायला सोपा. चष्मा कायम, आणि रोज दोन तास धडक्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे पारावर बसलेल्या भावाला शेतात उतरावेच लागते. मध्यम प्रमाणाच्या दोषाला सहा तासांइतकाच दोन तासांच्या पट्टीचा गुण येतो, असे २००३ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसले आहे. पण किती तास, किती महिने, हे डॉक्टरनेच ठरवायचे.

करायला मात्र महाकठीण! पट्टी लावली की चिमी भोकाड पसरायची. उंबऱ्याला ठेचकाळायची, पट्टी ओरबाडून काढायची. आणि मी शेतावर गेलो की आमची ही हळूच पट्टी सोडायची. "पोरीचे हाल बघवत नाहीत हो," म्हणायची. तिची माया मला कळत होती, पण दिवस वाया जात होते.

एके दिवशी मी दुसरी पट्टी घेतली आणि माझ्या स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. म्हटले, "चिमे, आपण दोघे दोन तास पट्टीवाले." पोर रडायची थांबली. मला हाताला धरून अंगणभर फिरवू लागली. हिने चहा आणला. मी कप घेतला, प्यायलो, आणि बशीत म्हणून ठेवला तो चटईवर. चहा सांडला. ही माझ्याकडे पाहत राहिली. चाळीस वर्षांचा संसार, पण माझा डावा डोळा किती अधू आहे हे तिला त्या दिवशी प्रथम दिसले. काही बोलली नाही. चटई पुसली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून चिमीची पट्टी तीच लावू लागली, आणि घड्याळाकडे पाहूनच काढू लागली.

आमच्या मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि पश्चिमेला ताम्हिणीचा घाट. तिकडच्या आईबापांना मोबाइलची धास्ती, इकडच्यांना कशाचीच नाही. पोरांना मोकळ्या उजेडात खेळू द्यावे, त्याने लांबचे न दिसण्याचा दोष लागण्याचा धोका कमी होतो, हे दोघांनीही ऐकावे. पण एका डोळ्याचे दुखणे दोन्हीकडे सारखेच लपते. तेव्हा मूल तिसऱ्या वर्षी एकदा आणि शाळेत घालण्यापूर्वी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे. एक डोळा झाकला की रडते, मान वाकडी करून पाहते, उन्हात एक डोळा मिटते, तर त्यापूर्वीच दाखवावे. तिरळेपणा भाग्याचा म्हणून कौतुक करू नये. चौथ्या महिन्यानंतरही डोळा फिरत असेल तर तपासणी हवीच. बाहुलीत किंवा फोटोत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये, त्यामागे जिवावरचे दुखणे असू शकते. दिवस भरण्याआधी, चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपर्यंतच वजन असलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा. आणि डोळे मोठे व्हावेत म्हणून काजळ घालू नये; डोळे त्याने मोठे होत नाहीत, बिघडतात मात्र.

चिमी आता पाच वर्षांची आहे. डाव्या डोळ्याने ती वरून पाचव्या ओळीपर्यंत उतरली आहे. सगळा तक्ता अजून सर झालेला नाही, पट्टी चालूच आहे. परवा तिने सुरळी मागितली, डाव्या डोळ्याला लावली आणि कंदिलाकडे बराच वेळ पाहिले. म्हणाली, "आबा, शेपट्या दिसतात. पण किती ते मोजता येत नाही."

मी म्हटले, "पुढच्या दिवाळीला मोजू."

यंदा भाऊबीजेला तुमच्या घरी पोरेसोरे जमतील. फराळ झाला की एकेकाचा एकेक डोळा तळहाताने झाका आणि लांबचा कंदील दाखवा. दोन मिनिटांचा खेळ आहे. सगळ्यांना सगळे दिसले तरी डॉक्टरची तपासणी चुकवू नका. पण एखाद्याची दुर्बीण बिघडलेली निघाली, तर तुळशीच्या लग्नाची वाट पाहू नका.