खळ्यावरील मोटारी

भाताची झोडणी आटोपून खळें मोकळें झालें, कीं आमच्या डोळखांबांत थोडे दिवस सर्वत्र स्वस्थता असते. यंदा मार्गशीर्षांतील एका रविवारीं मात्र त्या खळ्यावर सात मोटारी ओळीनें येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पुतण्याचा मुलगा ठाण्यास नोकरीस असतो; त्यास व त्याच्या मित्रांस जपानी मोटारींचें वेड आहे. अधूनमधून कोठें तरी जमावें, बॉनेट उघडून एकमेकांस यंत्रें दाखवावीं आणि चहा घेऊन परतावें, एवढाच त्यांचा कार्यक्रम. अध्यक्ष नाहीं, वर्गणी नाहीं, बक्षीसहि नाहीं. जपानांत योकोहामाजवळ दाइकोकु नांवाच्या तळावर हौशी लोक असेच जमतात, असें तो सांगतो.

"आजोबा, आपली मारुती ओळींत लावूं या का?" त्यानें विचारलें.

वाचकांस सांगितलें पाहिजे, कीं या मारुतीवरून आमच्या घरांत दोन महिने अबोला होता. ती आमच्या कैलासवासी अण्णांनीं १९९६ सालीं घेतली. पंधरा वर्षें झाल्यावर दर पांच वर्षांनीं गाडीची नोंदणी नवी करावी लागते. ती तीनदां झाली, आतां चौथी आली. पुतण्या म्हणतो, भंगारांत द्यावी. मलाहि मनांतून तेंच वाटत होतें. वहिनी कांहींच बोलत नसत. किल्ली मात्र त्यांनीं देवघराच्या फडताळांत ठेविली होती.

"होंडा-टोयोटाच्या पंक्तीस हें डबडें कशाला?" मी म्हणालों.

"पण तीहि जपानीच कीं!"

मुलाचें म्हणणें खरें होतें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत जी पहिली मारुती ग्राहकाच्या हातीं दिली गेली, ती सुझुकीच्या अल्टोची सख्खी बहीण. जपानांत लहान इंजिनास कराची सवलत, म्हणून तिकडे तें ५४३ घनसेंटिमीटरचें. बाहेरच्यांसाठीं तें ७९६ झालें, आणि तेंच आपल्या वांट्यास आलें. जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें, तोंवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. आणि हे सुझुकी मूळचे कोण? १९०९ सालीं हमामात्सु येथें माग बनविणारे! टोयोडा यांचेंहि तेंच. सूत तुटतांच आपोआप थांबणारा माग बापानें केला, आणि मुलाच्या खटपटीनें १९३७ मध्यें मोटारींची कंपनी निघाली. आमच्याच जिल्ह्यांत भिवंडीचे माग कित्येक वर्षें अहोरात्र खडखडत आहेत. तेथून एकहि मोटार कां निघाली नाहीं, असें मीं त्या तरुणांस विचारलें. सगळे चहाकडे पाहूं लागले.

नांवांचा नाद मला पहिल्यापासून. माझदा हें नांव पारशांच्या अहुरमझ्दाशीं जोडलेलें, आणि त्यांतील मझ्दा व आपली मेधा एकाच कुळांतल्या. एका मुलाच्या पिशवीवर सुबारूचें चिन्ह होतें. सुबारू म्हणजे कृत्तिका. चिन्हावर तारे सहा. कार्तिकेयाच्या माताहि सहाच, हें सांगितल्यावर त्यानें ती पिशवी माझ्यापुढें धरून छायाचित्र काढलें.

असो. मारुतीची बॅटरी केव्हांच मेलेली. मुलांनीं ती ढकलत आणली. गांवांतला गॅरेजवाला बघ्यांत उभा होता. हा माझाच विद्यार्थी. सातवीनंतर शाळा सोडली. त्यास त्रैराशिक कधीं जमलें नाहीं, आणि त्यापायीं माझा मारहि पुष्कळ खाल्ला. त्यानें बॉनेट उघडलें, कार्ब्युरेटर सोडविला आणि एकेक भाग हातावर घेऊन दाखवूं लागला. त्या मुलांच्या गाड्यांतून हें सगळें विजेच्या यंत्रणेनें होतें. कित्येकांनीं कार्ब्युरेटर कधीं पाहिलाच नव्हता. "पेट्रोल एक भाग, तर हवा वजनानें पंधरा भाग. हवा कमी झाली कीं धूर," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, हेंच ना तें त्रैराशिक?"

मला कांहीं सुचलें नाहीं. मीं नुसती मान हलविली.

इतक्यांत वहिनी किल्ली घेऊन बाहेर आल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांनीं पावसांतून किती बाळंतिणी हिच्यांतून शहापुरास पोंचविल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? मी ठेवला आहे. अकरा." पुतण्या जवळच उभा होता, तो उठून मारुतीच्या टायरांत हवा आहे का तें पाहूं लागला.

संध्याकाळीं बाकीच्या मोटारी गेल्या. कार्ब्युरेटरचें गॅस्केट फाटलेलें निघालें, तें कल्याणहून आणावयाचें ठरलें. सुटे भाग ठेवावयास वहिनींनीं आंतून जुनी पितळी परात आणून दिली आणि नातवास बजावलें, "पुढच्या रविवारीं ये. तोंवर परात मला लागणार नाहीं."