जॅकखालची मराठी

महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मार्कंड्याच्या जत्रेला नव्या गाडीतून जायचे असे आमच्या एका स्नेह्यांनी ठरविले होते. ‘नव्या’ हा शब्द येथे जरा सैल अर्थाने घ्यावा. चामोर्शीत त्यांची धानाची गिरणी आहे. अकरा वर्षे वापरून झालेली एक जर्मन मोटार त्यांनी नागपुरात विकत घेतली, तीही एखाद्या नव्या कोऱ्या छोट्या गाडीच्या किमतीत. आलिशान गाडीचे मोल पहिल्या मालकाच्या हातून जसे झरझर उतरते, तसे तिच्या दुरुस्तीचे मोल मात्र उतरत नाही, हे सत्य त्यांना पहिल्या सर्व्हिसिंगचे अंदाजपत्रक हाती आल्यावर उमगले. शिवाय अधिकृत कार्यशाळा दोनशे किलोमीटरांच्या घरात. तेव्हा तेल, फिल्टर आणि पुढच्या ब्रेकचे पॅड हे सारे घरच्याच अंगणात बदलायचे ठरले. हाताशी होता ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करणारा एक तरुण मिस्त्री. तो एके काळचा आमचाच विद्यार्थी, बी. ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून गेलेला. आणि आम्हांस बोलाविण्यात आले ते वाचक म्हणून. गाडीसोबतचे जाडजूड पुस्तक आणि इंटरनेटवरून छापून घेतलेली कार्यपद्धती, दोन्ही इंग्रजीत. “सर, तुम्ही वाचा, आमी पाना फिरवतो,” एवढी सरळ श्रमविभागणी.

त्या दुपारी जे घडता घडता राहिले, त्यावरून आम्हांस मराठी गद्याविषयी काही सांगायचे आहे.

इंग्रजी सूचनेत क्रिया आधी येत होती आणि अट मागाहून. गाडी उचला; पण तिची हवेवरची सस्पेन्शन व्यवस्था जॅकच्या स्थितीत टाकल्यानंतरच, अशा अर्थाचे ते वाक्य होते. आम्ही ते ज्या क्रमाने वाचले त्याच क्रमाने मराठीत सांगत गेलो. ‘गाडी उचला’ हे शब्द उच्चारले आणि पुढच्या ‘वायुनिलंबन’ या शब्दापाशी अडखळलो. तेवढ्यात मिस्त्रीने जॅक मारून गाडी उचललीही होती. आमचा शब्द ऐकून त्याला हसू आले. “निलंबित कोन झाला, सर?” आम्हीही हसलो. गिरणीमालक चाकाच्या बोल्टची खास किल्ली काढायला दार उघडून आत वाकले. या जातीच्या गाड्या दार उघडताच जाग्या होतात. एक कोपरा उंच झालेला दिसताच गाडी आपणहून समतल व्हायला निघाली, दुसऱ्या बाजूने हवा सोडल्याचा फुस्स आवाज आला, अंग कलले आणि जॅक तिरपा होऊन निसटला. मिस्त्रीचा हात क्षणापूर्वीच बाहेर आला होता. दोन टनांच्या आसपास वजनाची ती वस्तू मुरमावर बसली. गाडीला एक पोचा आला. माणसाला काही झाले नाही.

“सर, हे पयले सांगाले पायजे होतं,” एवढेच तो म्हणाला.

पहिले. सारा मुद्दा याच एका शब्दात आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे व्याकरणाच्या तासाला सांगत आलो. तिचा उपयोग आम्हांस त्या दिवशी कळला. ‘हवेची व्यवस्था बंद करून, चाकांखाली दगड लावून, मगच गाडी उचला’ हे मराठीचे सहज वाक्य आहे. त्यात ऐकणाऱ्याचा हात ‘उचला’पर्यंत थांबलेलाच असतो, कारण काय करायचे ते त्याला तोवर कळलेलेच नसते. धोक्याच्या कामासाठी याहून चांगली वाक्यरचना शोधून सापडणार नाही. पण आम्ही शिकलेली माणसे इंग्रजीच्या क्रमाने मराठी बोलू लागलो आहोत. शब्द मराठी, सांगाडा परका. वर्तमानपत्रात त्याने फार तर कानाला त्रास होतो. जॅकखाली त्याने बोटे जातात.

यावर कोणी म्हणेल, असली गाडी अंगणात उघडावीच कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. काही कामांना घरी हात लावू नये, असे आमचेही ठाम मत आहे. एअरबॅगच्या जोडण्या, हायब्रिड गाडीतल्या नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारा, दाबून बसविलेल्या स्प्रिंगा, डिझेलची कॉमन-रेल व्यवस्था ही ती कामे. त्या नळ्यांतला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. पण हवेचा फिल्टर, केबिनचा फिल्टर, वायपर, दिवे, टायरमधली हवा, आणि नीट आधार दिलेल्या गाडीखालचे तेल, ही मालकाची कामे आहेत. आमच्या भागात तर ती वेळापत्रकाची वाट पाहून चालतच नाहीत. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक आष्टीच्या रस्त्याने धावू लागल्यापासून त्या वाटेवरची लाल धूळ ज्याने खाल्ली आहे, त्याला हवेचा फिल्टर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. याच तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला, तालुक्यात पैसा फिरू लागला आणि त्यामागोमाग मोठ्या गाड्याही आल्या. २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा महाराष्ट्रभर नवल झाले होते. त्या पिढीतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हाती तालुक्याच्या गावांत दिसतात. त्यांच्या मालकांना कार्यशाळेचा खर्च झेपत नाही आणि जिल्ह्यात ती कार्यशाळाही नाही. त्यांनी गाडी उघडू नये असे सांगून ती उघडायची राहणार नाही. ती विटांवर उभी करून उघडली जाईल आणि वीट भाराखाली कधी फुटेल याचा नेम नसतो.

पूर्वी हे ज्ञान डोळ्यांनी मिळे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात लोक आजही पाहतात. ती १९३०च्या दशकातली. तशा गाडीचे आतडे उघडले की काय कशाला ओढते ते दिसत असे, आणि हुशार मिस्त्री पाहून पाहून शिके. आजची महाग गाडी पाहून शिकता येत नाही. मागच्या ब्रेकचा पॅड बदलायचा तर पार्किंग ब्रेकची विजेची मोटर आधी सर्व्हिसच्या स्थितीत न्यावी लागते; नाहीतर ती बिघडते किंवा बोट चिमटते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्यावर ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा आपणहून फिरू लागतो. तेलाच्या डब्यावर २२९.५ असा आकडा असतो. तो काय सांगतो हे ठाऊक नसेल तर महागातले तेलही चुकीचे ठरते. बोल्ट कुठे १२० न्यूटन-मीटरने कसायचा, कुठे १४०ने. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही, सगळे लिहिलेले असते. ही गाडी म्हणजे एक संहिताच आहे, आणि ती चुकीची वाचली तर समीक्षक मरत नाही, मिस्त्री मरतो.

संहिता उपलब्ध असावी यासाठी कायद्याच्या बाजूने थोडी हालचाल झाली आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू न देणे हे कारण होते, आणि कंपन्यांच्या यादीत मर्सिडीज-बेंझ व बीएमडब्ल्यूही होत्या. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले. त्यात वाहनेही आहेत. हे चांगलेच झाले. पण उद्या सारी पुस्तके खुली झाली तरी ती आमच्या मिस्त्रीला वाचता येणार नाहीत. आणि कोणी ती मराठीत आणली, तर ती कोणत्या मराठीत येतील याची आम्हांस धास्ती वाटते. ‘वाहन उचलण्यात येण्यापूर्वी आवश्यक ती खात्री करण्यात यावी, जेणेकरून अपघात टळेल’ असे त्यात लिहिलेले असेल. खात्री कोणी करायची? कशाची? शासकीय कर्मणीने कर्ता गायब करण्याची कला आपण परिपत्रकांतून शिकलो. गाडीखाली निजलेला माणूस मात्र गायब होत नाही.

मराठीत असे गद्य कधी नव्हते असे नाही. ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या वाङ्मयीन कामगिरीवर आपण प्रबंध लिहितो, ते १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघाले, आणि ते नांगर व यंत्रे करणाऱ्या कारखान्याचे पत्र होते. शेतकऱ्याला लोखंडी नांगर समजावून सांगण्याची गरज आणि कथा-निबंध छापण्याची हौस एकाच छताखाली नांदत होती. आमच्या विदर्भात नागपूरचे ‘उद्यम’ मासिक घरगुती उद्योगांची माहिती देत असे. आणि या प्रकारचे मराठीतले उत्तम गद्य आजही पाहायचे असेल, तर आम्ही विद्यार्थ्यांना कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (१९७०) उघडायला सांगू. हसू नये. स्वयंपाकाच्या कृतीतही आच असते, उकळते तेल असते, क्रम चुकला तर हात भाजतो. तेल तापल्यावर मोहरी, मोहरी तडतडल्यावर हिंग, हा क्रम मराठीने घरोघरच्या चुलीपाशी घडविला. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडायचे हे सांगायला वेगळी भाषा लागत नाही. आतले पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच उसळते. कुकरची शिट्टी ज्या घरात आहे त्या घराला हे एका वाक्यात कळेल.

मात्र आमच्या विद्यापीठीय वर्तुळात या गद्याला स्थान नाही. उपयोजित मराठीच्या नावाखाली आम्ही अर्ज, वृत्तलेखन, जाहिरात आणि सूत्रसंचालन शिकवितो. कृती सांगणारे गद्य बहुतेक ठिकाणी त्यात बसत नाही. रॉबर्ट पर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) आमच्यापैकी अनेकांनी तत्त्वज्ञान म्हणून वाचले आणि चर्चासत्रांत मिरविले. पर्सिग उपजीविकेसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे, हे तेथे कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. आम्हीही म्हटले नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले. त्या आनंदात उणे काढण्याची इच्छा नाही. पण अभिजात भाषेत एक नट नीट कसायला सांगता येऊ नये, हे आम्हांस जड जाते.

परिभाषेचा प्रश्न राहिलाच. शुद्ध शब्द हवेत की गॅरेजातले, या वादात आम्ही अनेक वर्षे शुद्धांच्या बाजूला होतो. ‘वायुनिलंबना’ने ती खोड मोडली. मिस्त्रीच्या तोंडी वायसर, पाना, पेचकस, शॉकअप असे शब्द असतात. त्यांतले काही इंग्रजीचे झिजून मराठी झाले आहेत, तर काही हिंदीवाटे आले आहेत. ते वापरताना त्याला थांबून विचार करावा लागत नाही, आणि तेच त्यांचे मोल. शब्द ऐकून माणूस क्षणभर हसला किंवा बुचकळ्यात पडला, की तेवढ्यात जॅक तिरपा होतो. परिभाषा कोश अभ्यासाला असावेत, आम्ही ते बाळगतो. पण अंगणात शब्द हाताच्या वेगाने कळला पाहिजे.

त्या घटनेनंतर गाडी आठ दिवस तशीच उभी राहिली आणि स्नेही जत्रेला आपल्या जुन्या जीपनेच गेले. त्या आठ दिवसांत मिस्त्री आणि आम्ही मिळून चार पानांचा एक मराठी कागद तयार केला. पहिल्या पानावर गाडी उचलण्यापूर्वीचे सारे आहे. जमीन सपाट व टणक हवी. मुरूम असेल तर जॅकखाली जाड फळी टाकून मगच जॅक मारायचा. हवेची व्यवस्था जॅकच्या स्थितीत टाकून, दारे लावून, किल्ली गाडीपासून दूर ठेवून कामाला लागायचे. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. म्हणून दोन पक्के लोखंडी स्टँड लागल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग गाडीखाली घालायचा नाही. हातातले कडे आणि अंगठी बॅटरीजवळ जाण्याआधी काढायची, हे मिस्त्रीने सुचविले. त्याच्या मनगटावर त्याची खूण आहे. जुने तेल विहिरीच्या बाजूला ओतायचे नाही, हे आम्ही घातले. वाळवी लागू नये म्हणून ते कुंपणाच्या खांबांना फासायची इकडे रीत आहे. ते कातडीला चांगले नसते, यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी ‘हातमोजे घालून डब्यात भरा’ एवढ्यावर तडजोड झाली.

मजकूर आम्ही लिहायचा आणि त्याने मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत ठेवली. वाचताना तो जिथे थांबला तिथले वाक्य आम्ही मोडले. विद्यार्थिदशेत त्याच्या निबंधांवर आम्ही लाल शाई फार उधळली होती. त्याची परतफेड त्याने मनापासून केली. तेल आणि फिल्टर याच कागदाबरहुकूम बदलून झाले. नळीच्या तळाच्या बोल्टाचा वायसर दरवेळी नवा घालायचा, हे वाक्य तिसऱ्या पानावर आहे आणि ते संपूर्ण त्याचे आहे.

ब्रेकचे पान अजून व्हायचे आहे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, त्याचा उकळबिंदू उतरतो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे, इथपर्यंत ठरले. पुढे नळ्यांतली हवा बाहेर काढण्याच्या क्रियेला आम्ही एक संस्कृतोद्भव शब्द योजला होता. त्याने कागद वाचला, पेन मागितले, तो शब्द खोडून वर ‘हवा काढने’ असे लिहिले. आम्ही न-चा ण केला आणि बाकी तसेच ठेवले.