बॅटरी मरते ती कपाटात

रिमोटवर उडणाऱ्या विमानाची बॅटरी हवेत असताना क्वचितच बिघडते. ती बिघडते घरी. रविवारी उडवायचे म्हणून पूर्ण चार्ज करून ठेवली, पाऊस लागला आणि ती तशीच महिनाभर पडून राहिली, तेव्हा. मोबाइल लावतो तशी रात्री चार्जिंगला लावून घरचे झोपले, तेव्हा. मैदानावरून आल्यावर विमानातच जोडलेली राहिली, तेव्हा. दुकानदाराला नावे ठेवण्याआधी हे तपासून बघा. या छंदात नव्याने पडणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त मुलाच्या हट्टापुढे हार मानून विमान घेऊन देणाऱ्या आईवडिलांना, माझे सांगणे एवढेच आहे की ठरलेल्या पैशांतून आधी चांगला चार्जर घ्या. उरलेल्या पैशांत विमान जरा लहान आले तरी चालेल.

आज बहुतेक इलेक्ट्रिक विमाने लिथियम पॉलिमर बॅटरीवर उडतात. हौशी मंडळी तिला ‘लिपो’ म्हणतात. तिच्याआधी निकेल-कॅडमियम होती, मग निकेल-मेटल हायड्राइड आली. त्या काळात एनसीसीच्या एअर विंगमध्ये किंवा एखाद्या काकांकडून हा छंद शिकलेल्यांच्या हाताला एक सवय आहे, बॅटरी पार रिकामी करायची आणि मगच चार्ज करायची. निकेल-कॅडमियमच्या बाबतीत त्याला अर्थ होता. लिपोला मात्र हीच सवय मारते. काकांकडून विमान उतरवायची कला जरूर घ्या, बॅटरीचा सल्ला घेऊ नका.

लिपोचा एक सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याला आतून इजा होते. त्याची सरासरी ३.७ धरतात. पॅकवर ‘३एस’ लिहिले असेल तर असे तीन सेल एकामागे एक जोडलेले आहेत, म्हणजे ११.१ व्होल्टचा पॅक, पूर्ण भरल्यावर १२.६. दुसरा आकडा क्षमतेचा, उदाहरणार्थ २२०० एमएएच (मिलीअँपिअर-तास), म्हणजे २.२ अँपिअर-तास. तिसरा ‘२५सी’सारखा, बॅटरी किती जोराचा करंट सोसेल हे सांगणारा. २.२ अँपिअरच्या २५ पट म्हणजे ५५ अँपिअर.

या तिघांत सर्वांत कमी विश्वास ठेवावा असा आकडा तिसरा. तो मोजायची सगळ्यांना बांधून घेणारी एकच पद्धत नाही, त्यामुळे लेबलावर वाटेल तो ‘सी’ छापता येतो. तुमची मोटर पूर्ण थ्रॉटलला २० अँपिअर ओढत असेल, तर कागदावर निदान ४० अँपिअर देणारा पॅक घ्या. पॅक दमला नाही तर तापत नाही, आणि तापला नाही तर टिकतो.

पहिला आकडा मात्र डोळे झाकून पाळायचा. मोटर आणि स्पीड कंट्रोलर ज्या व्होल्टसाठी आहेत, तेवढेच सेल. ‘३एसवर एवढे उडते, तर ४एसवर काय उडेल’ हा मोह प्रत्येकाला होतो. पंखा फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पंखा तोच ठेवून एक सेल वाढवला की करंट थोडाथोडका वाढत नाही, दीडपटीच्या पुढे जातो. ३० अँपिअरचा कंट्रोलर २० अँपिअरवर सुखात होता, तो आता हवेत असतानाच धूर सोडतो. व्होल्ट वाढवायचे असतील तर पंखा लहान करावा लागतो, आणि करंट वॉटमीटरने मोजूनच पुढे जावे लागते.

क्षमतेबाबत गैरसमज वेगळा आहे. जास्त एमएएच म्हणजे जास्त वेळ, हे एका मर्यादेपर्यंतच खरे. २२०० एमएएचचा ३एस पॅक साधारण १७० ते १९० ग्रॅम भरतो. त्याच्या जागी दुप्पट क्षमतेचा घातलात तर लहानशा फोमच्या विमानाच्या नाकात तेवढेच वजन आणखी बसते. गुरुत्वमध्य पुढे सरकतो, विमान उतरताना धाडकन येते, आणि ते वजन पेलण्यातच वाढीव क्षमतेचा मोठा भाग जातो. विमान ज्यासाठी आखले आहे तेवढा पॅक घ्या आणि तसे दोन-तीन घ्या. पहिला संपला की दुसरा लावून पुन्हा उडवता येते, आणि मध्ये मोटरलाही उसंत मिळते.

पॅक हातात आला की फुगलेला नाही ना, तारा उसवलेल्या नाहीत ना हे बघा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. त्याच क्षमतेच्या इतर पॅकपेक्षा तो फारच हलका भरला, तर लेबल खोटे बोलते आहे. मग प्रत्येक सेलचा व्होल्ट वेगवेगळा मोजा. नवा पॅक साधारण ३.८ व्होल्टच्या आसपास येतो आणि तिन्ही सेल जवळजवळ सारखे असतात. एक सेल बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली असेल तर पॅक चार्ज न करता परत करा. टाकून दिलेल्या लॅपटॉपमधले सेल काढून, वर नवे प्लॅस्टिक चढवून बांधलेले स्वस्त पॅकही बाजारात असतात. ते विमानाला नकोच.

आता चार्जर. किटबरोबर तीन दिव्यांचा जो छोटा चार्जर येतो, तो वाईट नाही, पण आंधळा आहे. आत किती करंट जातो आहे, कुठला सेल किती भरला, हे तो सांगत नाही. बॅटरी अर्धवट भरून ठेवायची सोयही त्यात नाही. तुम्हाला पडद्यावर प्रत्येक सेलचा व्होल्ट दाखवणारा, बॅलन्स चार्जिंग करणारा आणि ‘स्टोरेज’ची सोय असलेला चार्जर हवा. त्याची किंमत साधारण दोन पॅकच्या आसपास जाते आणि तो अनेक पॅकना पुरतो. लोकप्रिय चार्जरच्या हुबेहूब नकला सर्रास मिळतात, तेव्हा ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. पडद्यावरचा व्होल्ट एकदा चांगल्या मल्टिमीटरशी ताडून बघा.

बॅलन्स कशासाठी, ते समजून घ्या. पॅकला दोन जाड तारा असतात आणि शिवाय पांढऱ्या प्लगमध्ये जाणाऱ्या बारीक तारा, ३एसला चार. चार्जरने फक्त जाड तारांवरून १२.६ व्होल्ट मोजले, तर त्याला सगळे ठीक वाटेल. पण आत दोन सेल ४.१५ वर आणि एक ४.३ वर असेल, तरी बेरीज १२.६ च येते. तो ४.३ चा सेल धोक्यात आहे आणि बाहेरून कुणाला पत्ता नाही. पांढरा प्लग जोडल्याशिवाय चार्जिंग करू नका, घाई असेल तेव्हाही नाही.

करंट किती ठेवायचा? क्षमतेइतका. २२०० एमएएचला २.२ अँपिअर. साधारण एका तासात किंवा थोड्या जास्त वेळात पॅक भरतो. पाकिटावर ‘५सीने चार्ज करा’ असे लिहिलेले असते, ते खरे असले तरी तुम्हाला कुठे जायची घाई आहे? सुरू करण्याआधी पडद्यावरच्या तीन गोष्टी मोठ्याने वाचा: बॅटरीचा प्रकार, सेलची संख्या, करंट. प्रकार चुकला तर काय होते हेही माहीत असावे. निकेलची बॅटरी भरली की तिचा व्होल्ट किंचित खाली येतो आणि ती खूण पाहून चार्जर थांबतो. लिपोचा व्होल्ट असा खाली येतच नाही. निकेलच्या मोडवर लिपो लावली की चार्जर त्या खुणेची वाट बघत करंट ढकलत राहतो, आणि शेवटी ती पेटते.

जोडायचा क्रम साधा आहे. केबलच्या पिना आधी चार्जरमध्ये, मग बॅटरी. उलटे केलेत तर बॅटरीला जोडलेल्या केबलच्या उघड्या पिना टेबलावर एकमेकींना टेकतात. प्लग बदलायचा असेल तर एका वेळी एकच तार कापा. दोन्ही तारा एकाच कात्रीत धरल्या तर कात्रीचे टोक वितळते.

चार्जिंगची जागा घरात नक्की करून टाका. गादी, सोफा, पडदा, पुस्तकांचे कपाट यांच्याजवळ नाही, आणि फ्लॅटच्या मुख्य दाराजवळ मुळीच नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. फरशीवर किंवा कडप्प्यावर मातीची मोठी कुंडी ठेवा, तळाशी कोरडी वाळू, त्यात पॅक. शेजारी वाळूची बादली. वाळूने लिपो विझेलच असे नाही, पण आग पसरायची थांबते. आणि पॅक चार्जिंगला असेपर्यंत जाणते माणूस त्याच खोलीत जागे हवे. पॅक फुगू लागला किंवा हाताला गरम लागला, तर भिंतीवरचे बटण बंद करा. धूर निघू लागला असेल तर जवळ जाऊ नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन लावा.

उडवताना एकच पथ्य आहे, पॅक तळापर्यंत पिळायचा नाही. २२०० पैकी ८० टक्के, म्हणजे १७६० एमएएच वापरायचे. विमान सरासरी १२ अँपिअर खात असेल तर हे पावणेनऊ मिनिटांत संपते, म्हणून रिमोटवरचा टायमर सात मिनिटांवर लावा. वारा असला तर सहावर. उतरल्यानंतर थोड्या वेळाने सेल ३.७ ते ३.८ वर दिसले तर वेळ बरोबर बसली. कंट्रोलर व्होल्ट उतरल्यावर मोटर आपोआप बंद करतो, पण त्या भरवशावर उडू नका. तो फक्त मोटर बंद करतो. रिसीव्हर आणि सर्व्हो बॅटरीतून वीज घेतच राहतात. म्हणूनच विमानात जोडून राहिलेला पॅक रात्रीतून शून्याकडे जातो. असा पॅक चार्जरने ओळखायलाही नकार दिला तर काही जण त्याला निकेलच्या मोडवर ‘जागा’ करतात. ते करू नका. खोलवर रिकाम्या झालेल्या सेलमधले तांबे विरघळून आत नको तिथे बसते आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. तो पॅक गेला असे समजा.

महाराष्ट्रात या छंदाचे वर्ष जूनला अडते. मैदाने चिखलाची होतात, विमाने माळ्यावर जातात, आणि शेवटच्या रविवारी भरून ठेवलेले पॅक तसेच ४.२ व्होल्टवर कपाटात राहतात. भरलेल्या सेलमध्ये रासायनिक झीज सर्वांत जोरात चालते, उष्णतेने ती आणखी वाढते, आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू धरतो. दिवाळीत कपाट उघडले की पॅक पुरीसारखा फुगलेला. मग ‘माल खराब निघाला’ ही तक्रार. उपाय चार्जरमध्येच आहे. ‘स्टोरेज’ निवडा, तो प्रत्येक सेल ३.८ किंवा ३.८५ वर आणून थांबतो. दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर पॅक याच अवस्थेत ठेवायचा, मग पावसाळा असो वा परीक्षा. भरायचा तो उडवायच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी. महिन्यातून एकदा व्होल्ट बघा. दमट हवेत प्लगवर हिरवट थर धरतो, तोही पुसून घ्या.

विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्याचेही बघावे लागते. सेलचे चार्जिंग ४५ अंशांपर्यंतच करायचे, असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरची दुपारच तिथे पोचते. चार्जिंग पहाटे उरका. उन्हात उभ्या बंद गाडीत पॅक ठेवू नका. उतरलेला गरम पॅक निवल्याशिवाय चार्जरला लावू नका.

रिमोटसाठी लिपोची गरज नाही. पेन्सिल सेलच्या आकारातले, पडून राहिले तरी फारसे न उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल २००५ पासून मिळतात, ते उत्तम. विमानप्रवासात सुटे पॅक चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत न्यावे लागतात, आणि तेही टोके झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॅकना परवानगी असते. आपला २२०० चा ३एस २५ वॉट-तासांच्याही आतच आहे.

राहिला फुगलेला पॅक. त्याला टाचणीने भोक पाडून हवा काढणारे लोक आहेत, त्यांच्यापासून मुले दूर ठेवा. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही. उघड्या जागेत, वाळूच्या कुंडीत ठेवून त्याला गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा आणि बल्ब पूर्ण विझेपर्यंत राहू द्या. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय बराच सांगितला जातो, पण त्यात टोके आधी गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. रिकाम्या झालेल्या पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. बॅटरी कचऱ्यासाठी देशात २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. घंटागाडीत तो टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, त्यात पॅक चेपला की आग लागते, आणि त्या गाडीवर माणसे काम करत असतात.