कानशिलाची गोष्ट

मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या निमित्ताने गावी, म्हणजे वडनेर भोलजीला जाऊन आलो. (नकाशात शोधत असाल तर बुलढाणा जिल्हा, नांदुरा तालुका, मुंबई-नागपूर हायवेवर.) पुतण्या सध्या नीटची तयारी करतोय. समोर कवटीचं बाजूने काढलेलं चित्र उघडं. म्हटलं, बघू तरी किती येतंय! पठ्ठ्याने धडाधड म्हणून दाखवलं. मेंदूभोवतीची ८ हाडं, चेहऱ्याची १४, एकूण २२. कपाळाचं फ्रंटल, माथ्याच्या बाजूचं पराएटल, कानाजवळचं टेम्पोरल, मागचं ऑक्सिपिटल आणि मध्येच डोकावणारं स्फेनॉइड.

पाच मिनिटांनी हाच गडी बाईक काढून नांदुऱ्याला निघाला. हेल्मेट?

"काय होते काका, हे इथं तं हाय नांदुरा!"

मंडळी, त्या चित्रात एक जागा आहे. स्वतःच्याच डोक्यावर शोधा. गालाच्या हाडाची कमान कानाकडे जाते ना, तिच्या मध्यापासून साधारण दोन बोटं वर. हेच आपलं कानशील. इथे फ्रंटल, पराएटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं एकत्र येतात. या जागेला टेरिऑन म्हणतात. इथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जाते. हाड तडकलं तर धमनी फाटू शकते, रक्त साचत जातं आणि मेंदू दाबला जातो. सुश्रुताने 'शंख' हे कानशिलाचं मर्म तात्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत उगाच नाही घातलं.

खरी गोम पुढेच आहे. असा मार लागलेला माणूस कधी कधी शुद्धीवर येऊन व्यवस्थित बोलतो, चहा पितो, 'काही नाही झालं' म्हणतो. काही तासांनी कोसळतो. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली. सुरुवातीला तिला बरं वाटत होतं, तिने वैद्यकीय मदत नाकारली. दोन दिवसांनी ती गेली.

आता आपण पुणेकर! २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले. केस गळतात, मान दुखते, शहरात स्पीडच कुठे असतो, वगैरे. आणि घालतो ते काय, तर दंड चुकवायला डोक्यावर ठेवलेली अर्धी टोपी! कानशील उघडं, पट्टा लोंबतोय. माझ्या मते ते हेल्मेट नव्हे, ती दंडाची आगाऊ पावती. कान आणि कानशील झाकणारं, आयएसआय मार्कचं आणि पट्टा लावलेलं, तेच हेल्मेट. आणि डोक्याला जोराचा मार लागला तर, माणूस कितीही छान बोलत असला तरी, आधी डॉक्टर. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर एक मिनिटही थांबू नका.

पुतण्या परत आल्यावर त्याचं बोट धरून त्याच्याच कानशिलावर ठेवलं. म्हटलं, "हे कोणतं रे?" क्षणभर गप्प. मग म्हणाला, "काका, हे चार मार्काले येत नाही."

असो. निघताना माझं हेल्मेट त्याच्याकडेच ठेवून आलो. तो घालेल की नाही, देव जाणे. मला मात्र आज नवीन घ्यायला जायचंय. रिक्षाने.