माल आपला, मार्का कुणाचा?



आपला कापूस जिनिंगच्या दारात खाली झाला की त्याचे गाव संपते. गाठीवर खूण पडते ती जिनवाल्याची. ज्वारी आडतीत मापली की पिशवीवर नाव चढते व्यापाऱ्याचे. गिऱ्हाईक पुन्हा माल मागते ते त्या नावाने. पिकवण्याचा धोका आपला, नावाची कमाई दुसऱ्याची.

आता गावोगाव उत्पादक कंपन्या निघत आहेत. भांडवल, गोदाम, यंत्रे यांवर महिनोन्‌महिने खल होतो. नाव मात्र चहा पिता पिता ठरते. आमचे म्हणणे असे की नाव हीदेखील जमिनीसारखी मालमत्ता आहे. तिचाही सातबारा लागतो.

कंपनी निबंधकाकडे नाव नोंदले म्हणजे ते आपले झाले, असे पुष्कळ संचालक समजतात. तसे नाही. पिशवीवरचा मार्का, म्हणजे ट्रेडमार्क, ही वेगळी नोंद. ती 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली होते आणि मालाच्या वर्गवार होते. पीठ वर्ग 30 मध्ये, अख्खी ज्वारी 31 मध्ये, रुई 22 मध्ये. पिठासाठी घेतलेला मार्का रुईलाही आपोआप लागू होईल, असे धरून चालू नये. नोंदणी 10 वर्षांची; पुढे नूतनीकरण करावे लागते.

नाव निवडताना मोह आवरा. 'शुद्ध ज्वारी', 'उत्तम कापूस' ही मालाची वर्णने झाली. अशी नावे सहसा नोंदली जात नाहीत. 'मालदांडी' हे वाणाचे नाव, ते कुणा एकाचे होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या भागातल्या उत्पादकांचे सामाईक धन आहे, एखाद्या कंपनीची जहागीर नव्हे. मालाशी संबंध नसलेला, सोपा, वेगळा शब्द सर्वांत टिकाऊ. तो आधी कुणी घेतला आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात शोधून मगच पिशव्या छापा.

अर्ज कुणाच्या नावे, हा सर्वांत नाजूक प्रश्न. अध्यक्षाच्या नावे नको, पिशव्या भरून देणाऱ्याच्या नावे तर नकोच. अध्यक्ष बदलतो, ठेकेदार निघून जातो आणि मार्काही त्यांच्याबरोबर जातो. अर्ज कंपनीच्याच नावे हवा.

पहिल्या विक्रीपासूनची बिले मार्क्यासकट जपून ठेवा. नोंदणी नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याला कायदा काही आधार देतो, पण तो वापर कागदावर सिद्ध व्हावा लागतो. उलट, नोंदणी करून मार्का 5 वर्षांहून अधिक काळ वापरलाच नाही, तर तो रद्द करण्याची मागणी दुसरा करू शकतो. नोंदणी होण्याआधी गोलातले आर अक्षर छापू नका. ते कायद्याविरुद्ध आहे.

चांगल्या नावाने वाईट ज्वारी खपत नाही, हे खरेच. पण चांगल्या ज्वारीचे नाव परक्याच्या हाती राहिले, तर आपण पुन्हा फक्त माल पुरवणारे उरतो. ज्या ज्या कंपनीचे सभासद या बैठकीला आले आहेत, त्यांनी आपल्या संचालकांना एकच प्रश्न विचारावा: आपला मार्का कुणाच्या नावे आहे? कागद पाहिल्याशिवाय उत्तर मान्य करू नये.